दर खुर्चीमागे

तेरुएलच्या माळावर विमान उतरतं तेव्हा रिकामं असतं.
पुढे दोन वैमानिक,
मागे पाचशे अठरा खुर्च्या, पट्टे मांडीवर घेऊन बसलेल्या.
माझं काम त्यानंतरचं:
पंखाखाली नळी लावायची, झडप उघडायची,
टाकीच्या तळाशी उरलेलं काढून घ्यायचं,
आणि सिएर्झो वारा हातमोज्यात बोटं चाचपत असताना
वहीत आकडा टिपायचा.

काल निघालं चार हजार एकशे वीस लिटर.
लांबेर्तो म्हणाला, एवढ्यात तुझ्या गावची बस
दीड वर्ष धावेल, ओरोसिया.

लांबेर्तोची तीस वर्षं माद्रिदला इंधनाचे तक्ते करण्यात गेली.
अजूनही कॅन्टीनच्या टेबलावर तो साखरेच्या पुड्या मांडतो:
हे दुमजली, चार इंजिनांचं, ताशी बारा टन.
हे लांबडं, दोन इंजिनांचं, साडेसात.
हे नवं, पंखाची टोकं वर वळलेलं, सहाच्या आत.
मी म्हणते, मग यात तुलना कसली?
तो म्हणतो, थांब. खुर्च्यांनी भाग.
भागल्यावर दुमजलीसुद्धा शरमेनं मान खाली घालत नाही.
शंभर किलोमीटरला माणशी तीन लिटर आणि वर थोडं,
भरलेलं असेल तर.

या 'तर'वरच सगळं तरतं.
आमच्या कुंपणाच्या आत
न तरलेली अकरा उभी आहेत.

आणखी एक सांगतो तो, दर वेळी नव्यानं कळल्यासारखं:
इंधन वाहायलाही इंधन लागतं.
चौदा तासांच्या वाटेवर धास्तीपोटी दहा टन जास्त घेतलेस,
तर त्यातले चार
उरलेल्या सहांना नेण्यातच जळतात.
मग एक पुडी फाडून
कॉफीत ओततो तो. बहुधा नव्या विमानाची.

आईला हे सगळं नको असतं.
दर मंगळवारी ती बसनं शहरात येते, गुडघ्याच्या इंजेक्शनला.
तिसऱ्या रांगेत, खिडकीशी.
गावात आता एकोणीस माणसं, त्यातली तीन शाळेत,
त्यामुळे बसमध्ये ती आणि एलॉय.
एलॉय चालवतो, आई त्याला रस्ता सांगते.
शेचाळीस किलोमीटर. शंभराला तीस लिटर.
खुर्च्यांनी भागायचं तर ठीक आहे,
माणसांनी भागायचं तर भागणारी एकटी आई.
म्हणजे सिंगापूरला निघालेला कुणीही
माझ्या आईपेक्षा दहापट काटकसरी.

प्रांताच्या कचेरीतून पत्र आलं. त्यांनी माणसांनी भागलं होतं.
मार्चअखेर.

एकदा तिला कुंपणापाशी आणून दाखवलं:
बघ, इंजिनं काढून नेलीत,
त्यांच्या जागी सिमेंटचे ठोकळे टांगलेत.
का?
पंखांना वजनाची सवय असते, आई.
ते गेलं की वाऱ्यात उचलले जातात.
ती बराच वेळ बघत राहिली.
म्हणाली, तुझे वडील गेल्यापासून
पलंगाच्या त्या बाजूला मी रजयांची चळत ठेवते.
मग म्हणाली, चल, गार पडलंय.

आज मंगळवार.
मी नळी गुंडाळत होते. अकरापैकी सातवं.
रस्त्यावरून बस आली, कुंपणापाशी मंदावली,
आणि चक्क थांबली.
तिथे थांबा नाही. कुणी उतरणार नव्हतं, कुणी चढणार नव्हतं.
खिडकीतून हात वर झाला, एलॉयनं भोंगा वाजवला,
मग पहिला गिअर, धूर, चढ.

थांबून पुन्हा सुटायला किती जास्त जळतं
ते लांबेर्तोला नक्की ठाऊक असणार.
तो शेजारीच उभा होता.
मी विचारलं नाही.
त्यानंही, एरवी न विचारता सांगणाऱ्या माणसानं,
खिशातून हात काढला
आणि हलवला.